मेदाआडची नाडी

भूल दिलेल्या माणसाला आपल्या शरीरात काय चालले आहे हे सांगता येत नाही. छातीत कळ येणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे या जागेपणीच्या तक्रारी आहेत. शस्त्रक्रियेच्या मेजावर त्या मुक्या होतात आणि त्यांचे काम मोजमापांना करावे लागते. या मोजमापांत रक्तदाबाचे स्थान फार वरचे आहे. भुलीची बहुतेक औषधे रक्तवाहिन्या शिथिल करतात, काही औषधे हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतात, आणि शस्त्रक्रियेत रक्त वाहून जात असेल तर त्याची आणखी भर पडते. दाब फार खाली जाऊन तसाच राहिला, तर मेंदू, हृदय व मूत्रपिंडे यांना पुरेसे रक्त मिळत नाही.

बहुतेक शस्त्रक्रियांत दंडाभोवती गुंडाळलेला पट्टा दर तीन ते पाच मिनिटांनी फुगवून दाब मोजला म्हणजे काम भागते. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेत, किंवा हृदय अथवा फुप्फुसे दुर्बल असलेल्या रुग्णात, प्रत्येक ठोक्याचा दाब कळणे आवश्यक असते. त्यासाठी मनगटातील रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून येणारे रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीत, एक बारीक नलिका बसवितात. सडपातळ माणसात अनुभवी भूलतज्ज्ञ हे काम बोटाने नाडी चाचपून थोड्याच वेळात उरकतो. अतिस्थूल माणसात मात्र पुष्कळदा पट्टाही नीट बसत नाही आणि नाडीही बोटाला स्पष्ट लागत नाही. ज्याच्या रक्तदाबाची खात्रीची माहिती अधिक हवी, त्याच्याच बाबतीत ती मिळविण्याचे दोन्ही नेहमीचे मार्ग अडतात. ही अडचण कशी उद्भवते, आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी ती कितपत दूर करतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

घोडीच्या रोहिणीपासून माणसाच्या मनगटापर्यंत

रक्ताचा दाब प्रथम मोजला गेला तो रोहिणीत नळी घालूनच. इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशक स्टीव्हन हेल्स यांनी एका घोडीला आडवे बांधून तिच्या मांडीतील रोहिणीत पितळेची नळी बसविली आणि तिला काचेची उंच नळी उभी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच उंचीपर्यंत चढले व तेथे प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर होऊ लागले. हा वृत्तान्त १७३३ साली प्रसिद्ध झाला. एवढी उंच नळी वापरणे अर्थातच गैरसोयीचे होते. १८२८ साली फ्रान्समधील प्वाझय यांनी तिच्या जागी पारा भरलेली वाकडी नळी योजली. पारा रक्ताहून सुमारे तेरा पट जड असल्यामुळे काही इंचांच्या नळीत काम होऊ लागले. रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगण्याच्या प्रथेचे मूळ येथे आहे.

रोहिणी उघडून दाब मोजणे माणसाच्या बाबतीत नित्याचे होणे शक्य नव्हते. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाभोवती फुगविण्याचा पट्टा प्रचारात आणला, आणि १९०५ साली रशियातील कोरोत्कॉफ यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले. त्यानंतर नळीची पद्धत बव्हंशी प्रयोगशाळेत राहिली. ती रुग्णाकडे परतली विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. १९५३ साली स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ सेल्डिंगर यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. सुई वाहिनीत गेली की तिच्यातून बारीक तार आत सरकवावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेवरून नलिका आत न्यावयाची. १९६१ साली मनगटातील रोहिणीत त्वचेवरूनच टेफ्लॉनची नलिका बसविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. हृदयावरील शस्त्रक्रियांच्या वाढीबरोबर ही पद्धत सर्वत्र पसरली.

मनगटाचीच निवड का, याला कारण आहे. हाताच्या पंजाला दोन रोहिण्या रक्त पुरवितात, एक अंगठ्याच्या बाजूने व दुसरी करंगळीच्या बाजूने, आणि तळहातात त्या एकमेकींना मिळतात. एक काही काळ बंद पडली तरी दुसरी सहसा पंजाला सांभाळून घेते. अमेरिकेतील एडगर ॲलन यांनी १९२९ साली सांगितलेली एक परीक्षा याच जोडणीची आहे. दोन्ही रोहिण्या दाबून तळहात पांढरा पडू द्यावयाचा, मग एक सोडून रंग परत येतो का ते पाहावयाचे. या परीक्षेवर फार भिस्त ठेवता येत नाही, असे पुढे दिसून आले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० रुग्णांच्या एका अभ्यासात नलिका काढल्यानंतर चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांत रोहिणी अंशतः अथवा पूर्णतः बंद झालेली आढळली, परंतु त्यामुळे कोणाचाही पंजा निकामी झाला नाही. अशी इजा दुर्मीळ आहे, अशक्य नाही.

पट्टा कोठे चुकतो

पट्ट्याचे मोजमाप एका गृहीतावर उभे आहे. पट्ट्यातील हवेचा दाब दंडाच्या मांसातून जसाच्या तसा आतल्या रोहिणीपर्यंत पोहोचतो, असे ते गृहीत. पट्टा पुरेसा रुंद असेल तरच ते खरे ठरते. रिव्हा-रोची यांचा मूळ पट्टा सुमारे ५ सेंटिमीटरच रुंद होता. तो दाब प्रत्यक्षाहून जास्त दाखवितो, हे १९०१ साली जर्मनीतील फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिले आणि रुंद पट्ट्याचा पुरस्कार केला. अरुंद पट्ट्याचा दाब कडांकडून निसटतो. रोहिणी दाबली जावी म्हणून पट्ट्यात अधिक हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो.

आज मान्य असलेल्या नियमानुसार पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. घेर ३० सेंटिमीटर असेल तर १२ सेंटिमीटर रुंदी पुरते. घेर ४५ सेंटिमीटर असेल तर १८ सेंटिमीटर रुंदी हवी, आणि आखूड दंडावर एवढा पट्टा मावतच नाही. शिवाय स्थूल माणसाचा दंड बहुधा खांद्याकडे जाड व कोपराकडे निमुळता असतो. सरळ कापलेला पट्टा त्यावर सैल बसतो आणि घसरतो. काही वेळा पट्टा कोपराखाली बांधतात, पण तेथील आकडा दंडावरील आकड्याशी तंतोतंत जुळत नाही.

या चुकीची दिशा लक्षात घेतली पाहिजे. पट्टा अरुंद असला की दाब खरा असतो त्याहून अधिक दिसतो. समजा, रुग्णाचा वरचा दाब ८५ वर उतरला आहे आणि पट्टा १०५ दाखवीत आहे. भूलतज्ज्ञाला चिंतेचे कारण दिसणार नाही आणि उपचाराला उशीर होईल.

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य रुग्णालयांचा राहिलेला नाही. माणसाच्या किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक मिळतो. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. यांतील बहुतेक जण अतिस्थूल नाहीत. परंतु अतिस्थूल रुग्ण आता जिल्ह्याच्या रुग्णालयातही शस्त्रक्रियेच्या मेजावर येतात, आणि त्यांच्यात उच्च रक्तदाब, मधुमेह व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांचे प्रमाण अधिक असते. उताणे निजविल्यावर पोटाचा भार श्वासपटलावर पडून फुप्फुसांतील हवेचा साठा घटतो, आणि श्वास थांबल्यास रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. म्हणून रोहिणीतील नलिकेचा त्यांना दुहेरी उपयोग असतो. तिच्यातून दाब कळतो आणि ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड तपासण्यासाठी रक्तही घेता येते.

बोट कोठे चुकते

मनगटावर नाडी लागते ती रोहिणी हाडावर टेकलेली असल्यामुळे. बोट वरून दाबते, खालचे हाड प्रतिकार करते आणि मधली रोहिणी ठोक्यागणिक बोटाला ढकलते. त्वचा व रोहिणी यांच्यामध्ये मेदाचा किंवा सुजेचा जाड थर आला, तर हा धक्का गादीखालून मारलेल्या टिचकीसारखा पसरतो. ठोका जाणवतो, पण नेमका कोठून येतो ते कळत नाही. दाब उतरलेला असेल तर तोही पुसट होतो.

येथे मापे ध्यानात घ्यावीत. मनगटातील रोहिणीचा व्यास प्रौढात साधारणपणे २ ते ३ मिलिमीटर असतो. तिच्यात घालावयाच्या नेहमीच्या नलिकेची बाहेरची जाडी सुमारे १.१ मिलिमीटर असते. बोटाचे टोक मात्र दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे बोट रोहिणीचा परिसर सांगते, बिंदू सांगत नाही. सडपातळ मनगटात रोहिणी त्वचेच्या अगदी लगत असल्याने एवढी माहिती पुरते. रोहिणी सेंटिमीटरभर खोल असेल, तर सुईच्या कोनातील थोडीशी चूक तिला रोहिणीच्या कडेने नेण्यास पुरेशी होते.

एकदा चुकलेली टोचणी पुढच्या टोचणीला अधिक अवघड करते. डिवचलेली रोहिणी आकसते. तिच्या भिंतीला छिद्र पडून रक्त बाहेर झिरपले, तर गाठ होऊन उरलासुरला ठोकाही झाकला जातो. मग दुसरे मनगट, त्यानंतर कोपर किंवा जांघ, असा शोध सुरू होतो. स्थूल माणसात जांघेवर पोटाची घडी पडत असल्यामुळे ती जागा दमट राहते आणि तेथे जंतुसंसर्गाचे भय अधिक असते.

ध्वनीने पाहणे

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. १८८० साली झाक व प्येर क्युरी या बंधूंना असे आढळले, की क्वार्ट्‌झसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत् निर्माण होते. याच्या उलट, विद्युत् दिल्यास असे स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतात. या गुणामुळे एकच स्फटिक ध्वनी सोडण्याचे व परतलेला प्रतिध्वनी टिपण्याचे काम करू शकतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी फ्रान्समध्ये लांजव्हँ यांनी या तत्त्वाचा वापर केला. १९५८ साली ग्लासगो येथील इयन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातील गाठी व गर्भ यांची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफी या नावाने जनसामान्यांना परिचित असलेली तपासणी हीच.

शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सरासरी १,५४० मीटर वेगाने जातो, असे यंत्र धरून चालते आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून खोली काढते. रक्तातून प्रतिध्वनी फारसा येत नाही, म्हणून रक्तवाहिनी पडद्यावर काळी दिसते. हवेतून हा ध्वनी शरीरात जवळजवळ शिरतच नाही, म्हणून हातात धरावयाचा प्रोब व त्वचा यांच्यामध्ये जेलचा थर लावतात.

दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात. कंप्रता जितकी अधिक तितके चित्र रेखीव, पण तितकाच ध्वनी लवकर विरतो. मऊ भागांत एका सेंटिमीटरला, दर दहा लाख कंपनांमागे, तो सुमारे अर्धा डेसिबेल क्षीण होतो. सेकंदाला एक कोटी कंपने असलेला ध्वनी १ सेंटिमीटर खोल जाऊन परत आला, तर त्याची तीव्रता दशांशावर येते. तोच ५ सेंटिमीटर खोल जाऊन परतला, तर एक लक्षांशच उरते. म्हणून जांघेतील खोल रोहिणीसाठी कमी कंप्रतेचा प्रोब घ्यावा लागतो आणि चित्र धूसर मिळते. मनगट स्थूल असले तरी तेथे खोली फार नसते, त्यामुळे उच्च कंप्रतेचा प्रोब चालतो. मेदातून ध्वनी थोडा सावकाश, सेकंदाला सुमारे १,४५० मीटर वेगाने जातो. त्यामुळे पडद्यावर रोहिणी खरी असते त्याहून किंचित खोल दिसते. सेंटिमीटरभर मेदात हा फरक मिलिमीटरहून कमी असतो.

बोटाला जे कळत नव्हते ते पडद्यावर दिसते. रोहिणी किती खोल आहे, किती रुंद आहे, ती वेडीवाकडी तर नाही ना, पूर्वीच्या टोचणीने तिच्यात गुठळी झाली आहे काय, हे सुई टोचण्यापूर्वी समजते. मनगटाशी रोहिणी बरी नसेल तर हाताच्या वरच्या भागात, जेथे ती स्नायूखाली असल्याने बोटाला लागतच नाही, तेथेही ती शोधता येते.

सुईचे टोक

रोहिणीच्या दोन्ही अंगांना बहुधा दोन बारीक नीला असतात. प्रोबने हलकेच दाबले की त्या चपट्या होतात, रोहिणी मात्र गोल राहून ठोके देते. यंत्रावरील रंगीत चित्राने प्रवाहही दिसतो. परंतु लाल म्हणजे रोहिणी व निळा म्हणजे नीला, असा त्याचा अर्थ नाही. रक्त प्रोबच्या दिशेने येते की दूर जाते, एवढेच तो रंग सांगतो.

प्रोब रोहिणीला आडवा धरला की ती वर्तुळासारखी दिसते. सुई रोहिणीच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्यात चांगले कळते. तथापि येथे एक फसगत संभवते. ध्वनीचा पट्टा कागदासारखा पातळ असतो. तो सुईला जेथे छेदतो तेथे एक चमकता ठिपका उमटतो. तो ठिपका सुईचे टोक असेल किंवा तिचा मधला भागही असेल. मधल्या भागालाच टोक समजून सुई पुढे ढकलली, तर खरे टोक रोहिणीच्या मागची भिंत भेदून गेलेले असते. म्हणून ठिपका दिसताच प्रोब किंचित पुढे सरकवावयाचा, ठिपका नाहीसा झाला की सुई थोडी पुढे न्यावयाची आणि तो पुन्हा दिसू द्यावयाचा. काळ्या वर्तुळाच्या मधोमध ठिपका उमटेपर्यंत, आणि त्यानंतर वाहिनीच्या आतही काही अंतर, हा क्रम चालू ठेवतात. प्रोब रोहिणीला समांतर धरण्याची दुसरी रीत आहे. तीत संपूर्ण सुई दिसते, पण हात जरासा हलला तरी रोहिणी किंवा सुई चित्रातून निसटते.

स्थूल रुग्णात साध्या भूमितीचा विसर पडून चालत नाही. रोहिणी १५ मिलिमीटर खोल असेल व सुई ४५ अंशांत घातली, तर तिला सुमारे २१ मिलिमीटर वाट मेदातूनच कापावी लागते. नलिका ३२ मिलिमीटर लांबीची असेल तर रोहिणीत जेमतेम ११ मिलिमीटर उरतात, आणि हात हलविताना ती निसटण्याचा संभव असतो. अशा वेळी लांब नलिका घेऊन ती सेल्डिंगर यांच्या रीतीने तारेवरून बसविणे हिताचे ठरते.

या पद्धतीचा लाभ मोजून पाहिला गेला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६९ रुग्णांचे दोन गट करण्यात आले होते. ध्वनिचित्राच्या साहाय्याने पहिल्याच प्रयत्नात नलिका बसण्याचे प्रमाण ६२ टक्के, तर केवळ बोटाच्या साहाय्याने ३४ टक्के आढळले. पुढील अनेक अभ्यासांचा कलही याच दिशेने आहे. नाडी ठळक असलेल्या रुग्णात कसबी हाताला यंत्रावाचून अडत नाही. यंत्राचा खरा उपयोग नाडी अवघड असते तेथे होतो.

नलिका बसल्यानंतर

नलिकेला क्षारयुक्त पाण्याने भरलेली नळी जोडतात आणि ठोक्यांचा दाब एका संवेदनशील पडद्यापर्यंत नेतात. हा पडदा हृदयाच्या पातळीत असला पाहिजे. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर दाब सुमारे ७.५ मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतो. स्थूल रुग्णात छातीची जाडी मोठी असल्यामुळे ही पातळी नजरेने ठरविताना चूक होऊ शकते, आणि पोटाचा भार कमी करण्यासाठी मेजाची डोक्याची बाजू उचलली की ती पुन्हा जुळवावी लागते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ठोक्याचे शिखर बोथट दिसते. या नलिकेतून चुकून औषध टोचले गेल्यास पंजाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तिच्यावर ठळक खूण असणे आवश्यक आहे. पट्ट्याची चूक टाळण्यासाठी बसविलेली नलिका अशा हयगयीने नव्या चुका निर्माण करू शकते.

यंत्र आणि हात

भारतात या यंत्राला एक वेगळी बाजू आहे. रोहिणी दाखविणारे यंत्र गर्भही दाखवू शकते, आणि गर्भलिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडण्यासाठी त्याचा दुरुपयोग झाला. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला, तर संपूर्ण देशासाठीचा १९९४ चा कायदा १९९६ पासून अंमलात आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यामुळे शस्त्रक्रियागृहात केवळ रक्तवाहिन्या पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्रालाही नोंदणी लागते, आणि फिरते यंत्र कोठे न्यावे यावर निर्बंध आहेत. भूलतज्ज्ञाला ही बंधने गैरसोयीची वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ज्या अनर्थातून ती आली तो पाहता त्यांचे प्रयोजन स्पष्ट होते.

यंत्र मिळाले तरी ते वापरणारा हात शिकलेला असावा लागतो. डोळे पडद्यावर, एका हातात प्रोब व दुसऱ्या हातात सुई, असा मेळ सरावानेच साधतो. म्हणून शिकाऊ डॉक्टरांना प्रथम जेलच्या ठोकळ्यात पुरलेल्या नळ्यांवर सराव देतात. त्यानंतर नाडी सहज लागणाऱ्या रुग्णांवर ही पद्धत वापरून हात बसवावा, हे श्रेयस्कर. सोप्या मनगटावर ज्याने सुईचे टोक शोधण्याची सवय केली नाही, त्याला दाब उतरत असताना मेदाआडच्या रोहिणीवर ते सापडण्याची शक्यता कमी असते.